अतिदक्षता खाटांचा न मोजलेला अनुशेष

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी राज्यघटनेच्या कलम 371(2) अन्वये 1994 मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. तो टाळेबंदीचा दुसरा महिना होता आणि आपल्या जिल्ह्यात आयसीयूच्या खाटा किती, त्यांपैकी किती खाटांशेजारी व्हेंटिलेटर आहे, हा हिशेब चहाच्या टपरीवरही होऊ लागला होता. प्रादेशिक असमतोलावर लक्ष ठेवणारी मंडळे नेमकी त्याच दिवसांत बंद पडावीत हा योगायोगच. पण ती चालू असती तरी ही खाट त्यांच्या मोजपट्टीत नीट बसली असती, असे वाटत नाही.

ती मोजपट्टी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीची. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहायची आणि जी तूट दिसेल तिला अनुशेष म्हणायचे, अशी तिची पद्धत होती. 1984 च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. पुढची कित्येक वर्षे राजकीय वादही पाण्याभोवतीच फिरत राहिला. आरोग्याचा अनुशेष यादीत होता, पण कोणाच्या भाषणात क्वचितच.

आरोग्यसेवा लोकसंख्येमागे खाटा किती यावर तोलण्याची सवय त्याहून जुनी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात हजार लोकांमागे 0.24 खाटा आहेत, हे देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये नोंदवले तेव्हा अतिदक्षता विभाग ही कल्पनाच जन्मलेली नव्हती. ती आली 1952 च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीतून. श्वास थांबत चाललेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, हाताने पिशवी दाबून हवा भरली आणि त्या अनुभवावरून ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने पुढच्याच वर्षी असे सारे रुग्ण एका कक्षात, चोवीस तास नजरेखाली ठेवण्याची व्यवस्था उभारली. माणसे, यंत्रे आणि कौशल्य एकवटणे हे या सेवेच्या मुळातच आहे. त्यामुळे ती खेडोपाडी का नाही, हा प्रश्न चुकीचा ठरतो. विचारायला हवे ते एवढेच की जिथे ती एकवटली आहे ते ठिकाण रुग्णापासून किती तासांवर आहे.

महाराष्ट्रात ती एकवटली ती वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी व्यवसायाची शहरे जिथे आधीच होती तिथे: मुंबई, पुणे, नागपूर, आणि नंतर औरंगाबाद, नाशिक, कोल्हापूर. याचे कारण खाटेच्या अर्थकारणात आहे. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका हवी असे धरले, तर तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा मिळून एका खाटेसाठी चार-पाच परिचारिकांची पदे भरावी लागतात; भूलतज्ज्ञ वेगळा. ऑक्सिजनचे गणितही तितकेच कठोर आहे. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7,000 लिटर वायू मावतो आणि मिनिटाला 60 लिटर घेणारा रुग्ण तो दोन तासांच्या आत संपवतो, म्हणून द्रवरूप साठ्याची टाकी किंवा स्वतःचा प्रकल्प नसलेल्या ठिकाणी व्हेंटिलेटर असून नसल्यासारखा असतो. नंदुरबार जिल्हा प्रशासनाने 2020 पासून प्रकल्प उभारायला घेतले आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेत त्यांचा उपयोग झाला, हे म्हणूनच लक्षात राहते.

त्याच एप्रिल 2020 मधील एका अभ्यासात देशभरात सुमारे 95,000 अतिदक्षता खाटा आणि 48,000 व्हेंटिलेटर असल्याचा, त्यांतील बहुतांश खासगी क्षेत्रात आणि मोजक्या सात राज्यांत असल्याचा अंदाज होता. त्या सातांत महाराष्ट्र होता. सरासरी काढली की राज्य संपन्न दिसते, आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या रुग्णालयातून निघणाऱ्या चिठ्ठीवर मात्र ‘पुढे हलवा’ असेच लिहिलेले असते.

हे ‘पुढे’ नेहमी महाराष्ट्रातच असते असेही नाही. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण पिढ्यानपिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला आहे. 2018 च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे आंदोलन झाले, ते या वाटेवरच्या अवलंबित्वाचेच लक्षण होते. राज्याने 2014 पासून 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिका रस्त्यावर आणल्या, मात्र त्यांतल्या 233 च प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. मधल्या प्रवासात श्वास सांभाळण्याची सोय कुठे मिळेल, हे त्या आकड्यावर ठरत होते.

केंद्राने ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू केलेल्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात 5 लाखांहून अधिक लोकवस्तीच्या 602 जिल्ह्यांत अतिदक्षता विभागांच्या स्वतंत्र इमारती योजल्या आहेत. निकष पुन्हा लोकसंख्येचाच आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची दोन्ही जिल्हे मिळून 1.24 कोटी वस्ती सुमारे 600 चौरस किलोमीटरमध्ये राहते, तर गडचिरोलीतील 10.7 लाख लोक 14,412 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. तिथली इमारत जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, तरी दक्षिणेकडच्या भामरागडहून तिथवर दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता पावसाळ्यात कित्येकदा बंद होत आला आहे.