धनुष्याच्या दोरीचं गणित

साइन म्हटलं की शाळेतलं सूत्र आठवतं: संमुख बाजू भागिले कर्ण. सूत्र बरोबरच आहे, पण त्यात साइनचं मूळ रूप दिसत नाही. ते दिसतं वर्तुळात. वर्तुळाचा एक कंस घ्या आणि त्याची दोन टोकं सरळ रेषेनं जोडा. झालं धनुष्य! ती रेषा म्हणजे दोरी, अर्थात जीवा किंवा ज्या. आकाशाचं गणित करणाऱ्यांना तिचा निम्मा भागच जास्त उपयोगी पडे. त्या अर्धज्येतला ‘अर्ध’ पुढे वापरून वापरून गळाला आणि उरली नुसती ज्या. हेच साइनचं मूळ रूप.

जीवा हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला. लिहिताना स्वर गाळले जात, म्हणून पुढे कुणी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे कपड्याचा घोळ, खिसा. हिंदीतली ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं शब्दशः ‘सायनस’ झालं आणि त्यावरून साइन. सर्दीत डोकं जड करणारं सायनसही याच शब्दाचं. दोरीचा खिसा झाला, तरी गणित बिघडलं नाही.

इ.स. 499 च्या ‘आर्यभटीया’त आर्यभटानं ज्यांचं कोष्टक दिलं, तेही एकाच श्लोकात, अक्षरांना अंकांची किंमत देऊन. ‘मखि’ म्हणजे 25 अधिक 200, म्हणजे 225. त्यानं परिघाचे 21600 भाग, म्हणजे कला, मानले. त्यावरून त्रिज्या येते सुमारे 3438. शून्य ते 90 अंशांच्या 24 सारख्या पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीला ज्या कितीनं वाढते, तेवढंच सांगितलं: 225, 224, 222, 219... शेवटी 51, 37, 22, 7.

पहिली पायरी 225 कलांची आणि ज्याही 225. इतक्या छोट्या कंसात वाक जवळजवळ नसतोच.

पण खरी गंमत या वाढींमधल्या फरकात आहे. सुरुवातीला वाढ फक्त 1 नं घटते, शेवटी 15 नं. मधे 30 अंशांवर थांबा. आठ वाढींची बेरीज येते 1719, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. तिथून पुढची वाढ 199 वरून 191 वर येते, म्हणजे 8 नं घटते. 15 च्या जवळपास निम्मी. ज्या जेवढी मोठी, तेवढी तिच्या वाढीतली घट मोठी.

स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं हेच होतं. मधल्या जागेपासून ते जितकं दूर जाईल, तितकं जोरात मागे ओढलं जातं. मधून टोकापर्यंत जायला लागणाऱ्या वेळेचे 24 सारखे भाग करा. प्रत्येक भागात ते जे अंतर कापतं, त्यांचं प्रमाण येतं 225, 224, 222... आणि अगदी टोकाशी, वळण्याआधी, 7.