कुंपण घालायचंय? आधी भरतीरेषा बघा

किनाऱ्यालगतच्या जागेला कुंपण घालायचं म्हटलं की बहुतेक जण सातबारा घेऊन थेट ग्रामपंचायतीत जातात. पण सातबारा जमीन कोणाची एवढंच सांगतो. तिथे काय करता येईल, हे सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या नकाशावर ठरतं. कोकणातले कुंपणाचे आणि बांधाचे बरेचसे वाद हे दोन कागद शेजारी ठेवून न बघितल्यामुळे होतात.

ज्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा नव्या नियमांनुसार मंजूर झाला आहे, तिथे १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना लागते. नसेल तर २०११ ची. २०१९ च्या नियमात समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून (मोठ्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती रेषा) ५०० मीटर आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा सीआरझेडमध्ये येतो. २०११ मध्ये खाडीकाठचा हाच आकडा १०० मीटर होता. ग्रामीण भागात समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र (जिथे एरवी नवं बांधकाम चालत नाही) असतं. चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांना २०१९ च्या नियमात ते ५० मीटर.

कुंपण कसलं, तेही महत्त्वाचं

किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी अधिसूचनेत ज्या अटी आहेत, त्यांत खाजगी जागेभोवती झाडोऱ्याची वई (जिवंत कुंपण) किंवा वेल-झुडपं चढवलेली काटेरी तार चालते, मात्र लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडता कामा नये. वाळूच्या टेकड्या सपाट करायला मनाई आहे. चिऱ्याचा पक्का गडगा (दगडी भिंत) बांधायचा विचार असेल, तर तो ‘बांधकाम’ ठरू शकतो हे धरूनच चाला. होड्या ओढायची, जाळी वाळवायची जुनी वाट तुमच्या जागेतून जात असेल तर ती आधीच मोकळी ठेवा. तारेपेक्षा वाटेवरून भांडण लवकर पेटतं.

कांदळवन असेल तर हिशेबच बदलतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही, जमीन खाजगी असली तरी. सूट आहे ती कांदळवनाच्या रक्षणासाठी घातलेल्या कुंपणाला. आपल्या प्लॉटच्या हद्दीसाठी घातलेली भिंत या सुटीत बसवायचा प्रयत्न करू नका.

खारजमिनीचा पेच

अलिबाग, पेणच्या खारेपाटातली ही नेहमीची गोष्ट. बांधाला खांड पडते (बांध फुटतो), खारं पाणी भातशेतात शिरतं, दुरुस्ती लांबते आणि काही वर्षांत शेतात कांदळ उगवते. मग शेतकरी ‘माझं शेत परत करा’ म्हणतो आणि वनखातं ‘हे कांदळवन आहे’ म्हणतं. आपापल्या जागी दोघांचंही खरं असतं, म्हणून हे प्रकरण सुटता सुटत नाही. भराव टाकणं आणि बांध घालून समुद्राचं पाणी अडवणं हे मुळात निषिद्ध आहे. पण खारं पाणी रोखणाऱ्या रचना, उघाड्या (बांधातली पाण्याची दारं) आणि धूप थांबवण्याची कामं यांना परवानगी मिळू शकते. त्यामुळे खांड पडल्या दिवशीच तारखेसह फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि खारभूमी विकास खात्याला लेखी कळवा. पोच जपून ठेवा. पुढे शेत आधी होतं की कांदळ, हे सिद्ध करायची वेळ आली की हेच कागद कामाला येतात.

अर्ज

मंजुरीसाठीचा अर्ज जमीनमालकाने करायचा; सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमतीपत्रं आधी गोळा करा. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या. कागद असे: ताजा सातबारा, ८अ, फेरफार, गाव नकाशा, मोजणी नकाशा आणि कामाचा आराखडा. खर्चिक कागद म्हणजे १:४००० प्रमाणातला सीआरझेड नकाशा. त्यावर तुमची जागा अधिकृत संस्थेनेच दाखवावी लागते (चेन्नईचं अण्णा विद्यापीठ त्यांपैकी एक). खाजगी सर्व्हेअरचा नकाशा इथे चालत नाही.

३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरणच सीआरझेडचे नियम तपासून मंजुरी देतं. जिथे सीआरझेड मंजुरी लागते, तिथे अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने शिफारस करणं अपेक्षित आहे. यात ‘पूर्ण’ हा शब्द कळीचा: एक नकाशा कमी पडला की ते दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

वाद झालाच तर

शेतात जायची वहिवाट अडली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत. सीआरझेड भंगाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे करा. या समितीत मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान ३ प्रतिनिधी असायला हवेत. मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करावं लागतं. उशिराचं कारण सबळ असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतो, त्यापुढे नाही.