रेडिओचा क्लायंट आणि 'आयसीवाय'ची भानगड

सॉकेट (नेटवर्कवरून बाइट पाठवायचं-घ्यायचं प्रोग्रॅममधलं टोक) शिकायला चॅट सर्व्हर लिहायचा हा जुना रिवाज, इंटरनेट रेडिओचा क्लायंट (स्टेशनला जोडून गाणी ऐकवणारा प्रोग्रॅम) त्याच्या जोडीला आला तो शाउटकास्ट या रेडिओ-सर्व्हरमुळे, म्हणजे १९९८-९९ च्या सुमारास. त्याआधी मल्टिकास्टचे (एकच प्रवाह एकदम अनेकांना पाठवायचे) प्रयोग झाले होते, आरटीपी हा आवाज-चित्र पाठवायचा प्रोटोकॉल १९९६ मध्ये आला होता, पण घरी मोडेम लावून बसलेल्याला त्यातलं काही हाती लागत नव्हतं. शाउटकास्टने मामला सोपा केला: साधं टीसीपी कनेक्शन, एक गेट रिक्वेस्ट ('हे दे' अशी मागणी), हेडर (उत्तराच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळी) वाचा, आणि मग एमपी३ चे बाइट येतच राहतात, संपतच नाहीत.

खरी भानगड पहिल्या ओळीत आहे. रिक्वेस्ट एचटीटीपीची, म्हणजे वेबपानं आणायच्या प्रोटोकॉलची, पण उत्तर 'एचटीटीपी १.० २०० ओके' असं न येता 'आयसीवाय २०० ओके' असं यायचं. मग हे एचटीटीपी आहे की नाही? यावर अजून वाद घालतात. एक बाजू म्हणते बाकी हेडर तसेच आहेत, एवढं काय त्यात, दुसरी म्हणते स्टेटस लाइनच (उत्तराची ती पहिली ओळ) वेगळी तर प्रोटोकॉलच वेगळा. मला दुसरी बाजू पटते, कारण फटका पुढे बसला. अँड्रॉइड ४.४ मध्ये एचटीटीपीचा आतला कोड बदलला आणि चालू असलेले रेडिओ अ‍ॅप 'अनपेक्षित स्टेटस लाइन' म्हणत बंद पडले, २०१९ मध्ये कर्ल या डाउनलोडच्या साधनाने एचटीटीपी ०.९ (स्टेटस लाइनच नसलेली जुनी आवृत्ती, 'आयसीवाय'चं उत्तर त्याला तसंच वाटायचं) डीफॉल्टला बंद केलं तेव्हा हीच स्ट्रीम परत अडकली. आईसकास्ट २ या दुसऱ्या रेडिओ-सर्व्हरने सरळ एचटीटीपीच धरलं, ते बरं केलं.

पण शिकणाऱ्याचा यात फायदाच झाला, कारण तयार लायब्ररी नाही म्हणते तेव्हा सॉकेट हाताने उघडावंच लागतं. गाण्याचं नाव हवं असेल तर रिक्वेस्टमध्ये 'आयसीवाय-मेटाडेटा: १' पाठवायचं, मग सर्व्हर सांगतो दर किती बाइटनंतर मेटाडेटा (गाण्याच्या नावासारखी माहिती) येईल, समजा १६०००. १२८ केबीपीएसला हा बरोबर एका सेकंदाचा आवाज. त्यानंतरचा एक बाइट गुणिले १६ एवढी मेटाडेटाची लांबी, शून्य असेल तर काही नाही. हे मेटाडेटाचे बाइट काढून न टाकता डीकोडरला (एमपी३ चा आवाज करणाऱ्या भागाला) दिले की मधेमधे टक् असा आवाज येतो. आणि रीसीव्हच्या (सॉकेटमधून बाइट वाचायच्या फंक्शनच्या) एका कॉलमध्ये हवे तेवढे बाइट येतील हा नवख्याचा समज इथेच मोडतो, मोजणी स्वतःच ठेवावी लागते.

देवनागरी शीर्षक असेल तर अजून एक गोम. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, म्हणजे एनकोडिंग) मध्ये 'क'चे ३ बाइट होतात, रीसीव्ह मधेच तुटला आणि तेवढ्यावरच डीकोड केलं तर अक्षराच्या जागी चौकोन येतात. पूर्ण लांबी जमा होईपर्यंत थांबायचं आणि मगच डीकोड करायचं. त्यातून जुनी स्टेशनं लॅटिन-१ या जुन्या, रोमन लिपीच्या एनकोडिंगमध्ये नावं पाठवतात आणि कोणतं एनकोडिंग आहे ते मेटाडेटात कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून आधी यूटीएफ-८ करून बघायचं, नाही जमलं तर लॅटिन-१.