इंजिन बसेल हो, पण शाफ्टचा कोन मोजलात का?

क्लासिक गाडीत दुसरं इंजिन टाकायचं म्हटलं की सगळे आधी हॉर्सपावर विचारतात, पण मला विचाराल तर आधी वजन आणि मापं बघा. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या, 1973 मध्ये कंपनीनेच त्या छोट्या गाडीत 3.5 लिटरचं रोव्हर व्ही8 बसवलं. आठ सिलिंडर असूनही ते आधीच्या 1.8 लिटरच्या चार सिलिंडरवाल्यापेक्षा फार जड नव्हतं, कारण जुनं बीडाचं आणि हे ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी पुढून जड झाली नाही.

गिअरबॉक्सचं गणित तर मला फारच आवडतं. जुन्या चार गिअरवाल्यात टॉप म्हणजे बहुतेक वेळा सरळ 1:1, इंजिनाच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा. समजा डिफरन्शियल (मागच्या चाकांमधली गिअरपेटी) 4.1 चं आहे, म्हणजे शाफ्ट 4.1 वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, आणि टायरचा घेर 1.9 मीटर, तर ताशी 100 किमीला चाक मिनिटाला साधारण 877 वेळा फिरतं आणि इंजिन जवळपास 3,600 वेळा. पाचवा गिअर 0.8 चा मिळाला की त्याच स्पीडला इंजिन 2,900 च्या खाली येतं, आवाज कमी, झीज कमी.

ताकद वाढली की उष्णता पण वाढते, पेट्रोलच्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा कूलंटमध्येच जातो, म्हणजे जुना रेडिएटर पुरेल असं धरून चालू नका. ब्रेकचं पण तेच, 80 ऐवजी 120 वरून थांबायचं तर ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि जुने ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात.

आणि आता शाफ्ट, जिथे खरं काम अडतं. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा लांब दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. हा क्रॉस कोनात फिरत असला की गिअरबॉक्स एकसारखा फिरत असूनही शाफ्ट एकसारखा फिरत नाही, दर फेऱ्याला दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. 3 अंशाला हा फरक जेमतेम 0.14 टक्के, पण 10 अंशाला दीड टक्का, म्हणजे कोन तिपटीच्या थोडा वर गेला तर फरक दहापटीच्या वर! मागचा क्रॉस हा फरक पुसून टाकतो, पण केव्हा, तर दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील तेव्हाच. नवा गिअरबॉक्स लांब असेल तर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, उंचीतला फरक तेवढाच राहतो, मग कोन आपोआप वाढतो आणि ठरावीक स्पीडला गाडी घुमायला लागते, लोक मात्र चाकं बॅलन्स करत बसतात. कोन अगदी शून्य पण नको, कारण मग क्रॉसमधले बारीक रोलर हलतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

म्हणून वेल्डिंगच्या आधी, गाडी चाकांवर उभी असताना, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल तिन्हीचे कोन मोजून घ्या. इंजिनच्या माउंटिंगपासून गिअरबॉक्सचं माउंटिंग 80 सेंमीवर असेल तर त्याच्याखाली 14 मिमीची पट्टी घातली की इंजिन-गिअरबॉक्सचा कोन बरोबर 1 अंशाने बदलतो.