इंजिनिअरिंग सँपल प्रोसेसर आणि दोन सॉकेटच्या बोर्डांवरील ओव्हरक्लॉकिंग

प्रोसेसर बाजारात येण्याआधी इंटेल त्याचे नमुने मदरबोर्ड आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांना चाचणीसाठी देते. यांना इंजिनिअरिंग सँपल, बोलताना नुसते ‘ईएस’, म्हणतात. निरनिराळ्या वेगांवर चिप कशी वागते हे तपासता यावे म्हणून त्यांतल्या काहींचा मल्टिप्लायर (बेस क्लॉक या मूळ ठोक्याला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) खुला, म्हणजे बदलता येण्याजोगा, ठेवलेला असतो. असे खुले नमुने जुन्या, दोन प्रोसेसरच्या बोर्डावर जोडीने बसवून त्यांचा वेग वाढवणे हा ओव्हरक्लॉकिंगचा दुर्मीळ प्रकार आहे.

खुल्या मल्टिप्लायरचे मोल कळायला ईव्हीजीए कंपनीचे असे दोन बोर्ड शेजारी ठेवून पाहावेत. २०१० चा एसआर-२ हा एलजीए १३६६ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा). त्यावर इंटेलच्या झिऑन एक्स५६५० या सर्व्हर प्रोसेसरचा मल्टिप्लायर २० आणि बेस क्लॉक १३३ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे वेग २.६६ गिगाहर्ट्‌झ. बेस क्लॉक २०० वर नेला की तोच कुलूपबंद प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झला पोहोचतो. मात्र बेस क्लॉकबरोबर रॅम आणि क्यूपीआय (प्रोसेसरला दुसऱ्या प्रोसेसरशी व बोर्डाशी जोडणारा दुवा) यांचा वेगही चढतो, म्हणून त्यांची गुणोत्तरे आधी खाली आणावी लागतात. खुला ईएस असला तर ही कसरत टळते, पण त्याच्यावाचून अडत नाही.

२०१२ च्या एसआर-एक्सवर मात्र अडते. एलजीए २०११ च्या झिऑनमध्ये १०० मेगाहर्ट्‌झचा बेस क्लॉक पीसीआय एक्सप्रेसशी, म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखे भाग जोडणाऱ्या मार्गाशी, बांधलेला आहे. तो काही टक्क्यांहून जास्त हलवला की सिस्टिम अस्थिर होते. त्यातल्या ई५-२६८७डब्ल्यूचा मूळ मल्टिप्लायर ३१. बेस क्लॉक १०३ केला तरी हाती येतात जेमतेम ३.१९ गिगाहर्ट्‌झ. ओव्हरक्लॉकिंगसाठीच बांधलेल्या बोर्डाची ही अवस्था खरोखर हळहळ लावणारी आहे, आणि खुल्या ईएसचा शोध इथूनच सुरू होतो.

नमुना ओळखायचा तो धातूच्या झाकणावरून. विक्रीच्या चिपवर ‘एस’ने सुरू होणारा कोड असतो, नमुन्यावर ‘क्यू’ने सुरू होणारा चार अक्षरांचा कोड आणि बहुधा ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ हे शब्द. पण ‘क्यू’ दिसला म्हणजे चिप खुली असेलच असे नाही. उत्पादनाच्या उंबरठ्यावरचे नमुने बऱ्याचदा विक्रीच्या चिपसारखेच बंद असतात. शिवाय हे नमुने कायद्याने इंटेलच्याच मालकीचे राहतात, त्यांची विक्री अधिकृत नसते. जुन्या बाजारातून घेणाऱ्याने हे दोन्ही जाणूनच पैसे मोजावेत.

जोडी जमवणे हे सर्वांत चिकाटीचे काम. दोन्ही चिपचे स्टेपिंग, म्हणजे चिपच्या आराखड्याची आवृत्ती, एकच हवे, आणि एकत्रित वेग ठरतो तो दुबळ्या चिपवरून. सुरुवातीच्या स्टेपिंगमध्ये विक्रीपूर्वी दुरुस्त झालेले दोष शिल्लक असू शकतात. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्या स्टेपिंगचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या सूचनांचा संच) नसेल तर बोर्ड सुरूच होत नाही. नव्या बायॉसमधून नमुन्यांचा मायक्रोकोड काढून टाकलेला असू शकतो, त्यामुळे अशा वेळी बायॉसची जुनी आवृत्ती टाकून पाहतात. उष्णतेचा हिशेब वेगळाच: विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२० चे १.३५ व्होल्ट केले तर केवळ व्होल्टेजमुळेच खप सुमारे २७ टक्क्यांनी चढतो, तोही दोन्ही सॉकेटांवर.