ॲट्रोपिनचे थेंब: ०.०१ टक्का कुठून आला?

धोतरा आणि बेलाडोना ज्या कुळातले, त्याच कुळातून ॲट्रोपिन मिळतं. एकोणिसाव्या शतकापासून डोळ्यांचे डॉक्टर ते बाहुली मोठी करायला वापरत आले आहेत. जवळचं पाहून पाहून डोळ्यातल्या स्नायूवर ताण येतो आणि त्यामुळे मुलांच्या चष्म्याचा उणे नंबर (लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं) वाढतो, अशी तेव्हाची समजूत होती. स्नायूला विश्रांती दिली की नंबर थांबेल, म्हणून थेंब. उपाय फार पसरला नाही, आणि त्याची मूळ कल्पनाही पुढे कोसळली. कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यातला हा स्नायू वेगळ्या जातीचा असतो, ॲट्रोपिनला तो दाद देत नाही. तरीही १९९३ साली असं दिसलं की डोळ्यात टोचलेल्या ॲट्रोपिनमुळे पिल्लांच्या डोळ्यांचं लांबणं, ज्याने नंबर वाढतो, ते मंदावतं. म्हणजे औषध काम करतं, पण स्नायूवर नाही. मग दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या पडद्यावर), की त्यामागच्या थरांवर? यावर आजही एकमत नाही.

आजच्या उपचाराची खरी सुरुवात पूर्व आशियात झाली. तैवानमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ०.१ ते ०.५ टक्क्यांचे थेंब तपासले गेले. मग २००६ साली सिंगापूरच्या ४०० मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला. १ टक्क्याचा थेंब, रोज रात्री, एकाच डोळ्यात, दोन वर्षं. औषधाच्या डोळ्याचा नंबर सरासरी ०.२८ डायऑप्टरने (नंबर मोजायचं एकक) वाढला, दुसऱ्या गटातल्या, औषध नसलेला साधा थेंब घातलेल्या डोळ्याचा १.२० ने. औषधाच्या डोळ्याची लांबी तर जवळपास तशीच राहिली.

हा निकाल पाहून खरं तर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण १ टक्क्याचा थेंब घालणं म्हणजे काय ते घरच्यांनाच ठाऊक. सकाळी खिडकी उघडली की मूल डोळे घट्ट मिटून घेतं. बाहुली आकुंचन पावत नाही, सगळा उजेड थेट आत जातो. वही नेहमीच्या अंतरावर धरली तर अक्षरं विरघळतात. रंगीत काच, जवळच्या कामासाठी वेगळा चष्मा, आणि हे वर्षानुवर्षं. त्यात औषध बंद केल्यावर नंबर उसळून वर आला: पुढच्या एका वर्षात १.१४ डायऑप्टर, साध्या थेंबवाल्यांचा ०.३८.

म्हणून पुढची चाचणी, २०१२ साली प्रसिद्ध झालेली, पातळ थेंबांची होती: ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्का. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी चर्चिली गेलेली गोष्ट इथे आहे. ०.०१ टक्क्याकडून कुणाला फारशी आशा नव्हती. या चाचणीत बिनऔषधाचा गट ठेवलाच नव्हता, आणि तुलनेला एक अगदी सौम्य गट असावा, एवढंच त्याचं काम होतं. पण दोन वर्षांनी त्या गटाचा नंबर फक्त ०.४९ ने वाढलेला निघाला. औषध थांबवल्यावर उसळीही त्यातच सगळ्यात कमी. २०१६ साली पाच वर्षांचे आकडे आले, त्यातही ०.०१ वालेच पुढे. डोळे दिपत नाहीत, वाचता येतं, उसळी कमी. जगभर ०.०१ रूढ झालं.

पण तुलना कुणाशी झाली? २००६ च्या चाचणीतल्या मुलांशी. दुसरी मुलं, दुसरा काळ. आणि इथेच आपला ‘नंबर’ हा शब्द घोळ घालतो. नंबर म्हणजे चष्म्याच्या काचेची ताकद. आजार काचेत नाही, डोळा मागे लांबत जाण्यात आहे. लांबी १ मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच डायऑप्टरने वाढतो, आणि पुढे पडदा सुटणं, काचबिंदू हे धोके त्या ताणलेल्या डोळ्याला असतात. मोजताना भिंगाचा ताण पुरता सुटला नसेल तर नंबर इकडेतिकडे होतो, लांबीचं मोजमाप तसं हलत नाही. ०.०१ च्या गटात दोन वर्षांत लांबी ०.४१ मिलिमीटर वाढली होती. जुन्या चाचणीतल्या साध्या थेंबवाल्यांची ०.३८. कोष्टकात हे दोन्ही आकडे होते. सगळ्यांनी नंबराकडे पाहिलं. ही घाई होती असं मला ठामपणे वाटतं, आणि तिची किंमत त्या वर्षांत वाढणाऱ्या मुलांच्या डोळ्यांनी मोजली.

‘कमी मात्रा’ हा शब्दही तितकाच फसवा. १ टक्क्याच्या एका थेंबात जेवढं औषध, तेवढं ०.०१ च्या शंभर थेंबांत, म्हणजे रोज एक धरला तर तीन महिन्यांहून जास्त. आणि ०.०१ व ०.०५ दोन्ही ‘कमी मात्रा’च म्हणवतात, मध्ये पाचपट अंतर असून.

हे अंतर २०१९ साली हाँगकाँगच्या चाचणीने उघडं केलं. या वेळी बिनऔषधाचा गट होता. एका वर्षात लांबी ०.०५ च्या गटात ०.२० मिलिमीटर वाढली, ०.०२५ मध्ये ०.२९, ०.०१ मध्ये ०.३६, साध्या थेंबात ०.४१. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो, आणि ०.०५ चा थेंबही बहुतेक मुलांनी सहन केला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १८७ मुलांच्या चाचणीत ०.०१ आणि साधा थेंब यांत फरकच दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत ०.०१ चा थोडा फायदा दिसला, तर ०.०२ मुख्य कसोटीवर उतरला नाही. हे कोडं अजून सुटलेलं नाही.

मान्यता मात्र आधीच्याच वाटेने चालली. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये आणि चीनने २०२४ मध्ये ०.०१ ला परवानगी दिली. जपानने २०२४ च्या अखेरीस ०.०२५ निवडलं. ज्या डॉक्टरांना ०.०५ द्यायचं असतं ते अनेक ठिकाणी फार्मासिस्टकडून पातळ करून घेतात.

सध्याचा वाद आणखी आधीच्या टप्प्यावर सरकला आहे. २०२३ साली हाँगकाँगमधल्याच एका चाचणीचा निकाल आला, तिच्यात ४ ते ९ वर्षांच्या, उणे नंबर अजून न लागलेल्या मुलांना थेंब दिले होते. दोन वर्षांत ०.०५ वाल्यांपैकी २८.४ टक्के मुलांना नंबर लागला, ०.०१ वाल्यांत ४५.९, साध्या थेंबवाल्यांत ५३.०. या मुलांकडे सुरुवातीला चष्मा नव्हता, म्हणजे वाढायला नंबरही नव्हता. डोळ्याची लांबी मात्र पहिल्या दिवशीही मोजलेली होती.