रिसबुडांची अडचण

१८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ ही कादंबरी छापली आणि प्रस्तावनेत एक तक्रार नोंदवून ठेवली. मतितार्थ असा : आपल्या लग्नाच्या चालीरीतीच अशा, की आपल्या लोकांच्या आयुष्यात ना रंगतदार दुर्गुण सापडतात ना रंगतदार सद्गुण. रोज घडतं तेच लिहिलं तर कोण वाचणार? म्हणून वाचकाला रिझवायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे.

राजवाडे, घोडदळ, शाप, पुनर्जन्म आणि त्यात गुंतलेलं प्रेम असल्या जाडजूड कादंबऱ्या लोक का वाचतात, याला ‘पळवाट’ हे ठरलेलं उत्तर आहे. मला रिसबुडांचं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. त्यांचा काळ आठवा. १८९१ मध्ये सरकारनं संमतिवयाची (मुलीशी शरीरसंबंधाला कायद्यानं ठरवलेल्या किमान वयाची) मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तर पुण्यात केवढा गहजब झाला! म्हणजे ‘मंजुघोषा’ नंतर तेवीस वर्षांनीही ही परिस्थिती. अशा समाजात पोपट बोलला तर कुणी दचकत नव्हतं, पण मुलीनं स्वतः एखाद्यावर मन बसवलं तर मात्र दचकायची पाळी. अद्भुत कादंबरीतला खरा चमत्कार तो होता. तो घडवायला राज्य दुसरं हवं, काळ दुसरा हवा. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘रत्नप्रभा’ (१८६६) याच वाटेनं गेल्या. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या हातून अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टीही मराठीत येऊ लागल्या होत्या.

पण ही वाट त्यांनी शोधलेली नव्हती. हिंदीत ज्याला उपन्यास म्हणतात आणि गुजरातीत नवलकथा, त्याला आपण कादंबरी म्हणतो, आणि कादंबरी हे एका नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टानं तिच्या नावाची संस्कृत कथा रचायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत तो गेला, उरलेली त्याच्या मुलानं लिहिली. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता या दोन जोड्या, आणि प्रेम असं चिवट की एका जन्मात आटपत नाही. पुंडरीक विरहानं मरतो, आकाशातून उतरलेला दिव्य पुरुष त्याचा देह उचलून नेतो, आणि महाश्वेता अच्छोद सरोवराकाठी तपस्विनी होऊन वाट पाहत बसते.

हे सगळं सांगतो कोण, तर पोपट. आता पोपटावर विश्वास कसा ठेवायचा? बाण घाई करत नाही. आधी शूद्रक राजाचा दरबार, मग विंध्याचं अरण्य, तिथला जुनाट शाल्मली वृक्ष, त्याच्या ढोल्यांतली घरटी. शिकाऱ्यांची टोळी निघून जाते, एक म्हातारा शबर, म्हणजे रानातला शिकारी, मागे रेंगाळतो, झाडावर चढतो आणि पिल्लं मारून खाली टाकू लागतो. आपल्या पोपटाला त्याच्या म्हाताऱ्या बापानं पंखाखाली दडवलेलं असतं. बाप मरतो, पिल्लू वाळल्या पाचोळ्यावर पडतं म्हणून वाचतं. एवढं वाचल्यावर ‘पोपट बोलतो कसा’ असं विचारायचं भान कुणाला राहतं? तपशिलांची ही दाटी म्हणजे नुसती नक्षी नव्हे, न घडणाऱ्या गोष्टीसाठी ठेवलेलं ते तारण आहे. (बाणाची वाक्यं पानभर लांबतात, धाप लागते, हेही खरंच.)

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ (१८७१) पासून मराठीत हे तारण बदललं. काळ शिवाजी महाराजांचा, गड मात्र कल्पनेतला. अद्भुत कादंबरीतल्या राजकन्येच्या देशाला नकाशा नव्हता, इथे दऱ्या आणि दरवाजे ओळखीचे झाले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘उषःकाल’ क्रमशः दिली आणि वाचकाला इतिहासाची चटकच लागली. तरी अद्भुत मेलं नाही. शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झालेल्या नाथमाधवांनी १९१३ मध्ये ‘वीरधवल’ लिहिली. घोडदौड आणि साहसं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातून उतरली, हे मला नेहमी आठवतं.

इंग्रजीतही युक्ती तीच. डायना गॅबाल्डनच्या ‘आउटलँडर’ (१९९१) मध्ये १९४५ सालची परिचारिका उभ्या शिळांच्या वर्तुळातून १७४३ च्या स्कॉटलंडात जाऊन पडते. शिळांचं कोडं बाजूला राहतं, कारण ती जखमा धुते, निखळलेला खांदा बसवते, आणि ते हात आपल्याला पटतात.

रिसबुडांच्या तक्रारीला मराठीत खरं उत्तर मिळालं ते ९४ वर्षांनी. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त (१९६२) शाप नाहीत, पुनर्जन्म नाही. लहानपणीच लग्न लावून दिलेले माधवराव आणि रमाबाई, म्हणजे ज्या चालीत रिसबुडांना काही रंगतदार सापडत नव्हतं नेमकी तीच चाल. भोवती शनिवारवाडा, दरबार, काका-पुतण्याचा कलह, आणि क्षयानं पोखरत चाललेला पेशवा. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले तेव्हा वय होतं २७. रमाबाई सती गेल्या. आजही थेऊरला गणपतीचं दर्शन झालं की बरेच जण नदीकडे, रमाबाईंच्या वृंदावनाकडे वळतात.